थेट प्रवेश

देशाच्या रग्बी लीग संघटनेची कचेरी म्हणजे दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना. डॉक्टर संघटनेचे अध्यक्ष होते. ज्या खेळात दात पडतात त्याचा अध्यक्ष दात बसवणारा असावा, यात काही वावगं आहे असं त्या चिमुकल्या देशात कुणालाच वाटत नसे. दवाखान्यात इंटरनेट बरं चालायचं, बाकावर आठ माणसं बसायची आणि दुपारी एक ते चार पेशंट नसायचे. राष्ट्रीय संघटनेला आणखी काय लागतं?

संघटनेची सचिव ताई. ती सरकारी नोंदणी कचेरीत जन्माच्या खिडकीवर बसायची. पगार तिथला आणि डोकेदुखी इथली, असा तिचा अकरा वर्षांचा संसार होता. खरं तर तिला ताई म्हणायचा एकच माणूस, तिचा धाकटा भाऊ. पण भाऊ संघात होता, म्हणून संघ ताई म्हणू लागला, मग प्रशिक्षक मास्तर म्हणू लागले, आणि शेवटी तिच्याहून वीस वर्षांनी मोठे डॉक्टरसुद्धा.

त्या दुपारी जागतिक मंडळाची बैठक पडद्यावर होती. प्रश्न सरळ होता. पुढच्या विश्वचषकात सोळा संघ खेळणार. त्यातल्या चार जागा गेल्या खेपेच्या चार लहान देशांना थेट द्यायच्या, की त्यांनी दर वेळेसारख्या पात्रता फेरीत झगडून मिळवाव्यात? थेट प्रवेशासाठी ताईने अकरा वर्षांत इतकी पत्रं लिहिली होती की मंडळातल्या टंकलेखक बाईला तिची सही पाठ झाली असेल.

डॉक्टरांनी लॅपटॉप दातांच्या खुर्चीच्या हातावर ठेवला होता. पडद्यावर एका मोठ्या देशाचे प्रतिनिधी बोलत होते. टाय लावलेला, पाठीमागे चषकांचं कपाट, आवाज अगदी सौम्य.

"आम्हाला लहान देशांबद्दल आदरच आहे," ते म्हणाले. "पण गेल्या खेपेला तुम्ही आमच्याकडून चौऱ्याहत्तर-चार असे हरलात. लोक तिकीट काढतात ते सामना बघायला. जागा कमवावी लागते हो. वाटता येत नाही."

ताईचं भाषण तीन पानी होतं. तिने ती पानं बाजूला ठेवली आणि जरा पुढे सरकली.

"साहेब, एक विचारू का? तुमचा देश पात्रता फेरी कुठल्या साली खेळला?"

साहेबांनी मागे वळून चषकांच्या कपाटाकडे पाहिलं.

"आठवत नसेल तर मी सांगते. जन्मनोंदीचं काम करते, तारखा माझ्या लक्षात राहतात. कुठल्याच साली नाही. तुम्हाला पहिल्या दिवसापासून थेट प्रवेश आहे, आणि तो कुणी तपासायला गेलेलं नाही. आम्ही तीन विमानं बदलून पात्रता फेरीला जातो. आमचे परदेशी क्लबांत खेळणारे जे आहेत, त्यांना क्लब विश्वचषकासाठी सोडतात, पात्रतेसाठी सोडत नाहीत. म्हणजे परीक्षा द्यायची अर्ध्या संघाने आणि लायकी ठरायची अख्ख्या देशाची. हा कुठला न्याय?"

मतदान झालं. ठराव दोन मतांनी पास झाला. दवाखान्यात एकच कल्ला उठला. मास्तर, म्हणजे शाळेत कवायत शिकवणारा, कधीही आवाज खाली न आणणारा माणूस, तोंडातून शब्द फुटेना म्हणून नुसते टाळ्या वाजवत राहिले. डॉक्टरांचा पाय खुर्चीच्या पेडलवर पडला आणि खुर्ची लॅपटॉपसकट वर चढली. मोठ्या देशाचे साहेब क्षणभर सगळ्यांच्या डोक्यावरून बघत होते.

एकटा चिमटा बाकावरून उठला नाही.

चिमटा म्हणजे ताईचा भाऊ. घराखालच्या बेकरीत भट्टीवर काम करायचा, तप्त ट्रे चिमट्याने ओढायचा. मैदानातही एकदा कुणाला धरलं की सोडायचा नाही, म्हणून दोन्हीकडे नाव तेच पडलं. पाठीवर नऊ नंबर. या खेळात खेळाडूला पाडलं की तो उठतो आणि टाचेने चेंडू मागे सरकवतो. सहा वेळा पाडलं की चेंडू समोरच्यांचा. त्या प्रत्येक वेळी मागे वाकून चेंडू उचलायचा आणि डावीकडे द्यायचा की उजवीकडे, हे पापणी लवायच्या आत ठरवायचं, ते काम नऊ नंबरचं. वय तेहतीस. गेल्या खेपेला पात्रतेचे पाचही सामने तो खेळला होता, आणि विश्वचषकाच्या आठ दिवस आधी सरावात त्याच्या खांद्याचं हाड मोडलं. चौऱ्याहत्तर-चार त्याने गळ्यात पट्टी बांधून टीव्हीवर पाहिलं. आता ही खेप शेवटची. विश्वचषकातला एक सामना, बस, एवढंच त्याला आयुष्याकडून हवं होतं, आणि ताईला त्याच्यासाठी तेवढंच हवं होतं.

"तोंड का पाडलंस?" घरी जाताना तिने विचारलं.

"आयत्या बिळावर नागोबा व्हायचं मला आवडत नाही," तो म्हणाला. "गेल्या वेळी पात्र ठरलो तेव्हा मास्तर मैदानात रडले होते. आठवतं? आज टाळ्या वाजवल्या."

"टाळ्या काय वाईट असतात?"

"वाईट नाहीत. पण आता बघ तू गंमत. सगळ्या जगाला आपापली आजी आठवेल."

तो म्हणाला तसंच झालं. नियम असा की ज्या देशात आजी-आजोबांपैकी कुणी जन्मलं, त्या देशाकडून खेळता येतं. पात्रता फेरीची धूळ खायची होती तोवर कुणाला आजीची आठवण नव्हती. थेट प्रवेश मिळाल्यावर महिन्याभरात ताईच्या टेबलावर एकतीस अर्ज आले. कुणाची आजी बंदराजवळ जन्मलेली, कुणाचे आजोबा टेकडीवरच्या शाळेमागे. शेजारच्या मृत्यूच्या खिडकीवरचा कारकून दुपारच्या चहाला म्हणाला, "ताई, माझ्याकडच्या साऱ्या आज्या हल्ली तुमच्याकडे रांग लावतात. जन्माच्या खिडकीला एवढा भाव कधी नव्हता."

ताईला त्यात वावगं वाटलं नाही. उलट बरंच वाटलं. एकतीसांतले अकरा खरे निघाले, चांगले खेळाडू होते, मास्तरांचे डोळे चमकायला लागले. अकरा दाखले तिने शिक्का मारून रवाना केले. त्या अकरांमुळे संघातले सात जण बाहेर जाणार हेही तिला ठाऊक होतं. एक बस दुरुस्त करणारा, एक गवंडी, एक बंदरावरचा हमाल. त्यांचं तिला वाईट वाटलं, पण वाईट वाटून तिचा हात थांबला नाही. संघ मोठा होतोय, मग माणसं मागे पडणारच, असं ती म्हणाली. दुसऱ्याच्या घरचं असलं की असं म्हणता येतं.

मग बत्तिसावा अर्ज आला. वय सव्वीस. जगातल्या सर्वांत कठीण लीगमध्ये तीन वर्षं खेळलेला. आजी दीपगृहाजवळच्या वस्तीत जन्मलेली, चार वर्षांपूर्वी वारली. खेळायची जागा: नऊ.

मास्तरांनी फोन केला. "ताई, हा आला तर आपण साठने नाही, वीसने हरू! वीसने! एखादा सामना जिंकूसुद्धा!" फोन कानापासून हातभर लांब धरूनही सगळं ऐकू आलं. मग मास्तर गप्प झाले. त्यांनाही एकदम आठवलं असावं की नऊ नंबर कुणाचा भाऊ आहे. "बघा नोंद सापडते का ते," हळू आवाजात बोलून त्यांनी फोन ठेवला. मास्तर हळू बोलू शकतात हे तिला त्या दिवशी कळलं.

दीपगृहाच्या वस्तीची नोंदवही कचेरीत प्रसिद्ध होती. त्या वस्तीला तेव्हा रस्ता नव्हता. महिन्यातून एकदा होडी यायची आणि होडीवालाच जन्माच्या बातम्या तोंडी घेऊन शहरात यायचा. बापाचं नाव, कामधंदा, मुलगा की मुलगी एवढं त्याच्या लक्षात राहायचं. बाळाचं नाव राहायचं नाही, कारण वाटेत दोन ठिकाणी तो गळा ओला करायचा. जुन्या कारकुनाने बारा वर्षं तशाच नोंदी केल्या. त्या बारा वर्षांत जन्मलेल्या पोरांना वहीत नावंच नाहीत. "कोळ्याचे घरी, मुलगा." "जाळे विणणाऱ्याचे घरी, मुलगी, दुसरी." अशा नोंदीचा दाखला द्यायचा तर त्या वस्तीत वाढलेल्या, वयाने मोठ्या माणसाची साक्ष लागते. असं माणूस आता एकच उरलं होतं, आणि ते म्हणजे ताईची आई.

आई शहात्तरची. डोळ्यांनी अधू, पण आठवण सुरीसारखी. याआधी तीनदा ताई तिला साक्षीला कचेरीत घेऊन गेली होती. तिन्ही वेळा आईने ठेवणीतली शाल काढली होती आणि घरी येऊन आठवडाभर साहेबांनी आपल्याला खुर्ची कशी दिली ते सांगितलं होतं.

ताईने वही काढली. दहा मिनिटांत नोंद सापडली. "दिवाबत्तीवाल्याचे घरी, मुलगी, तिसरी." साल जुळत होतं, बापाचं काम जुळत होतं. आता एवढंच बाकी होतं की संध्याकाळी घरी जाऊन विचारायचं, आई, दिवाबत्तीवाल्याची तिसरी मुलगी कोण गं?

तिने वही मिटली.  मग टाइप केलं, "अर्जात दिलेल्या नावाची नोंद या कचेरीत आढळत नाही."

यातला शब्द न् शब्द खरा होता. नावाची नोंद नव्हतीच. नावच नव्हतं तिथे. बावीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसालाच इतकं खरं खोटं लिहिता येतं. कुणाचा जीव गेला नाही, तिने स्वतःला सांगितलं. त्या पोराला दुसरे देश आहेत, दुसरे विश्वचषक आहेत. माझ्या भावाला हा एकच आहे. आपला तो बाब्या, म्हणतात ना, तसं झालं. पत्र पाठवून ती घरी आली, आणि त्या रात्रीपासून तिला जेवण गोड लागेना.

त्यांचं घर बेकरीच्या वर, दोन खोल्यांचं. भिंती कायम उबदार. चिमटा पहाटे भट्टीवर जायचा, दुपारी झोपायचा, संध्याकाळी सरावाला. तिघं एकत्र बसायची ती फक्त संध्याकाळच्या जेवणाला. गुरुवारी तो सरावाहून आला, हात धुतले, पानावर बसला आणि सहज म्हणाला, "ताई, मास्तर सांगत होते, त्या नऊ नंबरवाल्याची आजी सापडली नाही म्हणे."

"हं," ताई म्हणाली.

"बिचारा. उद्या अर्जाची शेवटची तारीख. आई, तुमच्या दीपगृहाकडचीच होती गं. दिवाबत्तीवाल्याची का कुणाची."

आईचा घास हातातच राहिला. "दिवाबत्तीवाल्याची कुठली? मोठी नसेल, ती लहानपणीच गेली. दुसरी इथंच होती. तिसरी असेल! तिसरीच परदेशी गेली, अठराव्या वर्षी, माझी शाल अंगावर घेऊन. अरे, माझ्या कडेवर वाढली ती. सापडली नाही म्हणजे काय? आहे कुठे आता?"

"वारली, आई," ताई म्हणून गेली. "चार वर्षं झाली."

आईने घास ताटात ठेवला. "वारली," ती म्हणाली. "मला वाटायचं, येईल एकदा."

चिमट्याने ताईकडे पाहिलं. आजीची एवढी माहिती असून ही सापडली नाही कसं म्हणते, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. आणि आईला विचारलं का नाही, हेही. तिन्ही साक्षींच्या वेळी आईला जिन्यावरून हात धरून त्यानेच खाली नेलं होतं.  भाजी वाढून घेतली, जेवला, ताट धुऊन ठेवलं आणि आत जाऊन झोपला. ओरडला असता तर ताईला बरं वाटलं असतं.

सकाळी ताई कचेरीत गेली. शुक्रवार, त्यात महिनाअखेर. दहालाच बाकं भरली. खिडकीशी टोकनचं यंत्र होतं. बटण दाबायचं, चिठ्ठी घ्यायची आणि वरच्या लाल आकड्यांकडे बघत बसायचं. सव्वादहाला दार उघडलं आणि आई आत आली. अंगावर ठेवणीतली शाल. तिचा हात धरून चिमटा, भट्टीवरून थेट आलेला, कोपरापर्यंत पीठ.

लाल आकडा होता सतरा. चिमट्याने बटण दाबलं, चिठ्ठी घेतली, आईला शेवटच्या बाकावर बसवलं आणि शेजारी बसला.

ताई काचेमागून उठली. "आई, इकडे ये ना. अशी आतून ये."

आई उठायला लागली. चिमट्याने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "बस गं. नंबर आल्यावर जाऊ."

"अरे, तिच्या वयाला सवलत असते," ताई म्हणाली.

"साक्षीदार मी आणलाय. टोकन माझं आहे. एकेचाळीस."

बाकांवरची माणसं बघायला लागली. मृत्यूच्या खिडकीवरच्या कारकुनाने चष्मा कपाळावर चढवला. ताई खाली बसली. अठरा. एकोणीस. एका बापाला जुळ्यांचे दोन दाखले हवे होते. एका बाईच्या मुलाचं नाव चुकलं होतं. वीस, एकवीस. ताईचा हात शिक्क्यावर चालत होता आणि डोळे शेवटच्या बाकावर जात होते. आई शेजारणीला दीपगृहाच्या गोष्टी सांगत होती. चिमटा गुडघ्यांवर हात ठेवून गप्प बसला होता. बरोबर तसाच तो राखीव बाकावर बसायचा, आत बोलावतील की नाही याची वाट बघत. सव्वा तास ती दोघं तशीच बसली. ताईच्या बावीस वर्षांच्या नोकरीत एवढा लांब सव्वा तास आला नव्हता.

एकेचाळीस लागला.

"बोला," ताई म्हणाली. सवयीने तोंडातून तेच आलं.

चिमट्याने चिठ्ठी काचेखालून सरकवली. "दीपगृह वस्तीच्या नोंदीसाठी साक्ष द्यायची आहे. दिवाबत्तीवाल्याची तिसरी मुलगी."

"अरे, ऐक," ताई पुढे वाकली, आवाज दाबून. "जागा जाईल तुझी. कळतंय का तुला? एक सामना. एकच सामना तर हवा होता तुला. मी काही चोरी केली नाही रे, नुसतं..."

"तू त्या टायवाल्याला काय विचारलंस?" तो म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "तुमचा देश पात्रता फेरी कुठल्या साली खेळला, असं विचारलंस. मी बाकावर होतो. छाती फुगली माझी, ठराव मला पसंत नव्हता तरी. उद्या मला कुणी विचारलं, तू कसा आलास संघात, तर काय सांगू? बहीण जन्माच्या खिडकीवर आहे म्हणून?"

ताईने चिठ्ठी उचलून शिक्क्याशेजारी ठेवली.

"गवंड्याची जागा गेली तेव्हा तू शिक्का मारलास," तो म्हणाला. "मारायलाच हवा होता. तसाच इथं मार. मला थेट प्रवेश नको."

आई हे सगळं ऐकत होती. डोळे अधू असले तरी कान शाबूत होते. तिने चिमट्याकडे मान वळवली. "तिसरीचा नातू आला तर तुझा नऊ नंबर जातो?"

"जाईल तर जाईल. गेला तर मैदानात जाईल, आई."

आईने अंगावरची शाल सारखी केली. मग काचेकडे तोंड करून, साहेबांसमोर बोलावं तशा स्वच्छ आवाजात तिने सांगायला सुरुवात केली. वस्तीत घरं किती होती, दिवाबत्तीवाल्याचं घर कुठलं, तिसरीचा जन्म कुठल्या वादळाच्या आदल्या दिवशी, नाव काय ठेवलं, ते कुणी ठेवलं. ताई लिहीत गेली.  आईने सही केली, ताईने शिक्का मारला आणि आधीच्या पत्राची दुरुस्ती मंडळाला साडेबाराच्या आत पाठवली. कारण द्यायच्या रकान्यात तिने लिहिलं, "सचिवांची चूक." यातलाही शब्द न् शब्द खरा होता.

पाहुणा तीन आठवड्यांनी आला. सगळे त्याला पाहुणाच म्हणू लागले. लाजाळू होता, रुंद होता आणि वाऱ्यासारखा होता. पहिल्याच दिवशी तो आईला भेटायला जिना चढून आला. आईने त्याचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला आणि म्हणाली, कान तिचेच आहेत. चिमट्याने त्याला बेकरीतला गरम पाव दिला. मग पंधरा दिवस दोघं मैदानात एकमेकांच्या मागे हात धुऊन लागले. निवडीच्या सामन्यात चिमट्याने त्याला तीनदा असं लोळवलं की मास्तर शिट्टी फुंकायचं विसरले. संघातली पोरं शेवटी दोघांसाठीही ओरडत होती.

यादी दवाखान्यात झाली. मास्तर नावं सांगत होते, ताई टाइप करत होती. नऊ, पाहुणा. तिने टाइप केलं आणि वाट बघत राहिली. राखीव खेळाडूंत दोन-दोन जागांवर खेळू शकणारे हवे होते. चिमटा एकाच जागेचा माणूस. चोवीस नावांवर मास्तरांनी वही मिटली. "त्याला मी सांगतो," ते म्हणाले. या खेपेलाही आवाज हळूच होता.

"नको," ताई म्हणाली. "मी सांगते."

ती बेकरीत गेली. तो ट्रे पुसत होता. तिचा चेहरा बघून त्याने फडकं खांद्यावर टाकलं.

"चोवीस झाले?"

"झाले."

"बरं," तो म्हणाला आणि दुसरा ट्रे घेतला. ताईला रडू फुटलं. ती तिथेच पिठाच्या पोत्यावर बसली आणि अकरा वर्षांचं रडून घेतलं. माझ्यामुळे झालं रे, मीच तो ठराव आणला, असं काहीबाही बोलत राहिली.

"तुझ्यामुळे काही नाही," तो म्हणाला. "तो वाकतो आणि उठतो त्यात माझ्यापेक्षा अर्धा सेकंद वाचवतो. मी मोजलंय. ठराव नसता तर कळलंच नसतं मला. आता डोळे पूस, पोतं ओलं होतंय."

विश्वचषकाचा पहिला सामना नेमका टायवाल्या साहेबांच्या देशाशी होता. डॉक्टर आणि मास्तर संघाबरोबर गेले. ताईला रजा मिळाली नाही. सामना दुपारी होता. बेकरीच्या मालकांनी टीव्ही खाली आणून ठेवला आणि गवंडी, हमाल, बस दुरुस्त करणारा, सगळे पिठाच्या पोत्यांवर बसले. आईची खुर्ची पडद्याच्या अगदी पुढ्यात. तिला चेहरे दिसत नसत. पाठीवरचे मोठे आकडे तेवढे दिसत. अकरा वर्षं ती मैदानात नऊच्या आकड्यामागेच नजर फिरवत आली होती.

सामना हरले. सव्वीस-अठरा. पण सत्तराव्या मिनिटापर्यंत वीस-अठरा होते आणि मोठ्या देशाच्या खेळाडूंनी कमरेवर हात ठेवले होते. अठरातले शेवटचे सहा गुण नऊ नंबरने आणले. गोलरेषेजवळ तो चेंडू उचलायला वाकला, मान उजवीकडे केली आणि स्वतः डावीकडून घुसला.

"माझा आहे तो!" चिमटा पोत्यावरून ताडकन उठला. "बघितलंस, ताई? मान उजवीकडे, पाय डावीकडे! मी दाखवलाय त्याला तो!" हमालाने त्याच्या पाठीत धपाटा घातला. सगळे ओरडत होते. मग तो हळूहळू खाली बसला. हात गुडघ्यांवर ठेवले. ताई पडद्याकडे बघत नव्हती, त्याच्याकडे बघत होती.

गोंगाटात आईला नीटसं कळलं नव्हतं. तिने मागे हात लांबवून त्याचा गुडघा शोधला.

"कोण गेलं रे रेषेपार? नऊ होता ना? नऊ आपलाच ना?"

चिमट्याने तिचा हात हातात घेतला.

"हो आई," तो म्हणाला. "आपलाच."